पिवळ्या पिशवीतली सुई

सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. शल्यविभागातील कचऱ्याच्या पिशव्या बांधून तळमजल्यावरच्या साठवण खोलीत नेण्याचे काम करणाऱ्या आमच्या मावशी जिन्याच्या मधल्या वळणावर थांबल्या आणि पोटरी धरून तिथेच खाली बसल्या. हातातली पिवळी पिशवी गच्च भरलेली होती, उतरताना ती पायाला घासत होती, आणि तिच्यातून बाहेर आलेली सुई साडीतून आरपार जाऊन त्यांच्या पोटरीत शिरली होती. मी धावत गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, “सिस्टर, काही नाही, नुसतं टोचलंय.” जखम डोळ्यांना दिसावी एवढीही नव्हती, साडीवर रक्ताचा एक ठिपका मात्र होता.

पिवळ्या पिशवीत सुई असण्याचे काहीही कारण नव्हते. रक्ताने माखलेले ड्रेसिंग, कापूस, प्लॅस्टरचे तुकडे आणि शस्त्रक्रियेत काढलेले अवयव यांच्यासाठी ती पिशवी असते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन मी मावशींना अपघात विभागात नेले. तिथे डॉक्टरांनी जो पहिला प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. सुई कोणत्या रुग्णाची? पिशवीत चोवीस रुग्णांच्या विभागाचा रात्रभराचा कचरा होता. रुग्ण माहीत असता, तर त्याचे रक्त तपासून पुढचे उपचार ठरवता आले असते. तो माहीत नसल्यामुळे सगळी शक्यता धरून चालावे लागले. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला त्या विषाणूने बाधित सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के मानली जाते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती सुमारे १.८ टक्के आणि एचआयव्हीच्या बाबतीत सुमारे ०.३ टक्के आहे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, आणि काहीही झाले तरी ७२ तासांच्या आत, सुरू करावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. मावशींना ती त्याच दिवशी सुरू झाली. मळमळ आणि थकवा सोसत त्यांनी ती पूर्ण घेतली.

त्यांच्या लसीकरणाची नोंद शोधली, तेव्हा हिपॅटायटिस बीच्या तीनपैकी एकच मात्रा घेतल्याचे आढळले. त्या कंत्राटी कामगार होत्या. मधे कंत्राटदार बदलला आणि उरलेल्या दोन मात्रा कोणाच्याच यादीत राहिल्या नाहीत. जैव-वैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्याची आरोग्य तपासणी करणे, ही नियमाने रुग्णालयाची जबाबदारी आहे. कामगार कोणाच्या पगारपत्रकावर आहे, याचा तिच्याशी संबंध नाही. त्या दिवशी मी अपघातांची नोंदवही उघडली. अनेक महिन्यांच्या रकान्यांत एकाच हस्ताक्षरात ‘निरंक’ असे लिहिलेले होते, आणि त्या काळात आमच्यापैकी कितीतरी जणींना सुया टोचल्या होत्या हे मला पक्के ठाऊक होते, कारण त्यांत मीही होते.

पुढच्याच आठवड्यात मेट्रननी कचरा व्यवस्थापनाची जबाबदारी माझ्याकडे दिली. संसर्ग नियंत्रणाचे काम मी आधीपासून करत होते, तरी नियम मी मुळातून कधी वाचलेले नव्हते. भिंतीवरचा तक्ता वाचला म्हणजे नियम वाचले, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात आमच्या शल्यविभागातला तक्ताच जुना निघाला. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली जैव-वैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली आले. त्यांत कचऱ्याचे दहा प्रकार होते आणि मुदत संपलेल्या औषधांसाठी काळी पिशवी होती. २८ मार्च २०१६ रोजी आलेल्या नव्या नियमांनी ही विभागणी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशा चार रंगांवर आणली. मुदत संपलेली औषधे आता पिवळ्यात जातात. जुन्या व्यवस्थेत निळी किंवा पांढरी पिशवी एकाच गटात मोडत असे आणि सुया-ब्लेड तिच्यात टाकत. आता पांढरा अर्धपारदर्शक डबा सुया, ब्लेड अशा धारदार वस्तूंसाठी आणि निळ्या खुणेचा डबा काचेच्या कुप्या, ॲम्प्युल व शरीरात बसवलेल्या धातूच्या वस्तूंसाठी आहे. आमच्या एका विभागात नवा तक्ता, दुसऱ्यात जुना आणि तिसऱ्यात दोन्ही शेजारी शेजारी लावलेले होते. रात्रपाळीला एका विभागातून दुसऱ्या विभागात पाठवलेल्या मुलीने कोणता खरा मानायचा?

तक्ते बदलणे एका दिवसाचे काम होते. पुढचे दोन आठवडे मी रोज वेगवेगळ्या पाळीला विभागात नुसती उभी राहिले, आणि या साऱ्या प्रक्रियेत मला सर्वांत जास्त शिकवले ते त्या उभे राहण्याने. इंजेक्शन द्यायला निघालेली परिचारिका ट्रे घेऊन नवव्या खाटेपाशी जाते. सुई कापण्याचा हब कटर आणि पांढरा डबा मात्र नर्सिंग स्टेशनवर, बारा-तेरा पावलांवर असतो. रुग्ण कळवळत असतो, शेजारच्या खाटेवरचे सलाइन संपत आलेले असते, म्हणून वापरलेली सिरिंज किडनी ट्रेमध्येच राहते. तिच्यावर कापसाचा बोळा पडतो, त्यावर दुसरी सिरिंज, मग प्लास्टरपट्टीचा तुकडा. फेरी संपेपर्यंत ट्रे भरतो आणि घाईच्या क्षणी सगळाच्या सगळा जवळच्या पिशवीत रिकामा होतो. मावशींच्या पोटरीत शिरलेली सुई अशाच एखाद्या ट्रेमधून आलेली असणार. ज्या मुलींना आम्ही ‘निष्काळजी’ म्हणत होतो, त्या एका वेळी चार कामे करत होत्या आणि डबा त्यांच्या हातापासून दूर होता. मी प्रत्येक इंजेक्शन ट्रॉलीवर एक छोटा पांढरा डबा पक्का बसवून घेतला. डब्याच्या तीन-चतुर्थांश उंचीवर मार्करने जाड रेघ ओढली आणि तिथवर भरला की तो बंद करायचा, असे ठरवले. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचे नाही, हे मी वर्षानुवर्षे ओरडून सांगत आले होते. डबा हाताशी आल्यावर टोपण लावण्याची गरजच बरीच कमी झाली.

एका सलाइन सेटचे उदाहरण सांगते. सलाइन संपले, सेट काढला, म्हणजे हातात एकच लांबलचक वस्तू असते. नियमांच्या दृष्टीने तिचे अनेक भाग आहेत. प्लॅस्टिकची बाटली आणि नळी लाल पिशवीत जाते, टोकाला सुई असेल तर ती पांढऱ्या डब्यात, काढलेली चिकटपट्टी आणि रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सेटचे वेष्टण यांपैकी कशातच जात नाही, ते साधा कचरा असते. बाटलीत खुपसायचे सेटचे प्लॅस्टिकचे टोक तर सुईइतकेच टोकदार असते. ते मोकळे ठेवून नळी पिशवीत कोंबली की पिशवी फाटते, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेले नव्हते. मी ते फाटलेल्या पिशवीच्या भोकावरून ओळखले. तेव्हापासून ते टोक रिकाम्या बाटलीच्या तोंडातच राहू द्यायचे आणि नळी कापून पिशवीत टाकायची, अशी पद्धत आम्ही घातली. नळी, सिरिंज किंवा हातमोजे कापून किंवा चिरून टाकले, की ते कोणी गोळा करून पुन्हा विकण्याचा मार्गही बंद होतो.

साध्या कचऱ्याचा मुद्दा वाटतो त्याहून मोठा आहे. आरोग्यसेवेतून निघणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो आणि उरलेला सुमारे १५ टक्केच धोकादायक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे मात्र औषधांचे खोके, कागदी वेष्टणे, नातेवाइकांचे चहाचे कप, सगळे पिवळ्या पिशवीत जात होते. याचे एक कारण कोविडचा काळ आहे. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोविड विभागातला कचरा दुहेरी पिशवीत भरून, त्यावर वेगळी खूण करून द्यावा लागे. त्या धास्तीत जे हाताला येईल ते पिवळ्यात टाकण्याची सवय लागली आणि साथ ओसरल्यावरही ती तशीच राहिली. ‘पिवळ्यात टाकलं की सुरक्षित’ ही समजूत मी अनुभवी डॉक्टरांकडूनही ऐकली आहे. ती किती चुकीची आहे, हे मला अनेक रुग्णालयांच्या कचऱ्यावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रात गेल्यावर दिसले.

पंचाहत्तर किलोमीटरच्या आत असे केंद्र उपलब्ध असेल, तर रुग्णालयाला स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारता येत नाही. आमचा कचरा रोज गाडीने केंद्राकडे जातो. तिथे काय होते हे आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नव्हते, म्हणून प्राधिकारपत्राच्या, म्हणजे कचरा हाताळण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाची कागदपत्रे जुळवत असतानाच मी केंद्राची परवानगी काढून एक दिवस तिथे गेले. पिवळ्या पिशव्या दोन कक्षांच्या भट्टीत जातात. पहिल्या कक्षात किमान ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते. दुसऱ्यात ते १०५० अंशांच्या आसपास ठेवावे लागते आणि वायू तिथे किमान दोन सेकंद राहावा लागतो. एवढी तीव्र उष्णता का, हे तिथल्या तंत्रज्ञांनी मला समजावून सांगितले. क्लोरीन असलेले प्लॅस्टिक अपुऱ्या तापमानात जळले, तर डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिशय विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी रक्ताच्या पिशव्या वगळता क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे बंद करायला सांगितले, आणि त्यासाठीची मुदत २०१८ च्या दुरुस्तीने २७ मार्च २०१९ पर्यंत वाढवली. आम्ही पिवळ्या पिशवीत टाकत आलेल्या सलाइनच्या नळ्या पीव्हीसीच्या, म्हणजे नेमक्या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या असतात. रोग पसरू नये म्हणून आम्ही जे भट्टीत पाठवत होतो, ते परिसरातल्या हवेत विष होऊन परतण्याची शक्यता आम्ही स्वतःच निर्माण करत होतो.

लाल पिशव्यांसाठी तिथे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, होता. साध्या प्रकारच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश तापमान आणि १५ पौंड दाबाला किमान ६० मिनिटे द्यावी लागतात. प्रत्येक फेरीबरोबर रंग बदलणारी पट्टी ठेवतात, आणि ठरावीक काळाने जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी आत ठेवून खात्री करून घेतात. मला त्यांनी अशा दोन कुप्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या. प्रक्रियेतून गेलेली जांभळीच राहिली होती. मुद्दाम बाहेर ठेवलेली उबवणीनंतर पिवळी पडली होती, म्हणजे तिच्यातले बीजाणू जिवंत होते. निर्जंतुक झालेले प्लॅस्टिक मग श्रेडरमध्ये जाते आणि बारीक तुकडे होऊन पुनर्वापराला पाठवले जाते. श्रेडरच्या बाजूला एक लोखंडी घमेले ठेवलेले होते. त्यात लाल पिशव्यांमधून निघालेल्या कात्र्या, आर्टरी फोर्सेप्स, एक वाकलेली धातूची किडनी ट्रे आणि सुया अजून लागलेल्याच अशा काही सिरिंज होत्या. “ही अवजारं आत गेली की पाती तुटतात, आणि ती काढायला हात माणसालाच घालावा लागतो,” असे तिथले कामगार मला म्हणाले. पिशव्यांवरचा बारकोड वाचून कोणती पिशवी कोणत्या रुग्णालयातून आली हे त्यांना कळते. आमच्या रुग्णालयाचे नाव सांगताच त्यांनी मान डोलावली आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणे मला फार लागले.

मिसळलेला कचरा पुढे कोणीही वेगळा करू शकत नाही, आणि करूही नये, ही गोष्ट मला तिथे उभी असताना पुरती समजली. नियम सांगतात की कचरा निर्माण होतो त्याच जागी, त्याच क्षणी वेगळा करायचा. हे शिस्तीसाठी म्हटलेले आहे असे मला पूर्वी वाटे. पिशवीचे तोंड एकदा बांधले की आतली चूक पुढच्या प्रत्येक माणसाच्या अंगावर जाते, आणि ती करणारा हात त्या साखळीत पुन्हा कधी येतच नाही, हे त्यामागचे कारण आहे.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना दोनमध्ये अर्ज, केंद्राबरोबरचा करार, रोजच्या वजनाची रंगानुसार नोंदवही, लसीकरण आणि प्रशिक्षणाच्या नोंदी, पाच वर्षे जपून ठेवायचे दप्तर, हे सारे कष्टाचे असले तरी समजायला अवघड नाही. तीसपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात कचरा व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिची सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी लागते. आमची समिती कागदावर होती. तिच्या पहिल्या खऱ्या बैठकीला मी मावशींना बोलावले आणि त्या दिवशी काय झाले ते त्यांनाच सांगायला लावले. समितीतल्या दोन वरिष्ठ शल्यचिकित्सकांनी त्याच आठवड्यात शस्त्रक्रियागृहात ब्लेड स्वतःच्या हाताने डब्यात टाकायला सुरुवात केली. माझ्या परिपत्रकांनी जे झाले नव्हते, ते मावशींच्या पाच मिनिटांच्या बोलण्याने झाले.

वेळेचे बंधन पाळणे त्याहून अवघड गेले. प्रक्रिया न केलेला मानवी अवयवांचा, रक्ताने माखलेला किंवा जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीवांचा कचरा आणि रक्ताच्या पिशव्या तर केंद्राकडे देण्यापूर्वी रुग्णालयातच निर्जंतुक कराव्या लागतात. एकदा जोरदार पावसात रस्ता बंद झाला आणि गाडी दोन दिवस आली नाही. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे नोंदवहीत एक तारीख मागे-पुढे केली असती तर कोणाला कळले नसते. नियमात मात्र अशा प्रसंगाची तरतूद आहे. कचऱ्यामुळे कोणाला अपाय होणार नाही अशी व्यवस्था करायची आणि कारणासह विहित प्राधिकरणाला, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाला, कळवायचे. आम्ही खोलीला कुलूप लावले, अवयवांचा कचरा शीतपेटीत ठेवला आणि त्याच संध्याकाळी मंडळाला पत्र पाठवले. त्या पत्राची पोच आल्यावर कार्यालयातल्या लिपिकांना जे आश्चर्य वाटले, त्यावरून असे पत्र आधी कधीच गेले नसावे, असे मला वाटले.

प्रशिक्षणाबद्दल माझी तक्रार अजूनही आहे. वर्षातून एकदा सभागृहात सर्वांना बसवून, चित्रफीत दाखवून, हजेरीवर सह्या घेतल्या की नियमाची अट पूर्ण होते. ज्या कामगाराला मराठीही वाचता येत नाही, त्याला इंग्रजी तक्ता दाखवून काय मिळते? आम्ही आता प्रत्येक विभागात महिन्यातून दोनदा, पाळी बदलण्याच्या वेळी, दहा मिनिटे खऱ्या वस्तू टेबलावर मांडतो. हातमोजा, फुटलेली ॲम्प्युल, कॅथेटर, केमोथेरपीच्या औषधाची कुपी अशा वस्तू असतात, आणि ज्याने त्याने त्या उचलून योग्य डब्यात टाकायच्या असतात. काचेची कुपी म्हटली की सगळ्यांचा हात निळ्या डब्याकडे जातो. केमोथेरपीच्या औषधाने दूषित झालेली कुपी निळ्यात टाकता येत नाही, ती वेगळी खूण केलेल्या पिवळ्या पिशवीतच जाते. या एका कुपीवर डॉक्टरही चुकतात, आणि चुकल्यावर ते कधी विसरत नाहीत.

मावशींच्या रक्ताच्या तपासण्या सहा महिने चालल्या. प्रत्येक अहवालाच्या आदल्या रात्री त्यांना झोप लागत नसे, हे त्यांनी मला शेवटचा अहवाल हातात आल्यावर सांगितले. तिन्ही विषाणूंच्या बाबतीत अहवाल निर्दोष आले. हिपॅटायटिस बीच्या उरलेल्या दोन मात्राही त्यांना मिळाल्या, आणि कंत्राट कोणाकडेही असो, प्रत्येक सफाई कामगाराचे लसीकरणपत्रक आता रुग्णालयाच्या दप्तरात राहते.

वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत नमुना चारमध्ये द्यायचा असतो. त्यात वर्षभरातल्या अपघातांची संख्या, बाधित व्यक्ती आणि केलेले उपाय यांचा रकाना आहे. अहवाल सही करण्यासाठी गेला, तेव्हा कार्यालयातून मला विचारणा झाली की या रकान्यात नेहमीप्रमाणे ‘निरंक’ लिहायचे ना, कारण आकडा दिसला की तपासणी लागेल. मी नोंदवही घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडे गेले. मावशींनंतर आणखी तीन जणींनी न घाबरता आपली नोंद केली होती. एक प्रयोगशाळेतली होती, दोघी शस्त्रक्रियागृहातल्या. अधीक्षकांनी चारही नोंदी सावकाश वाचल्या, तारखा पाहिल्या, ‘निरंक’ हा टंकलेला शब्द पेनाने खोडला आणि त्याच्यावर चारचा आकडा लिहून सही केली.